मीठ आपण काढतो, मागे प्लॉट कोण राखतो?

(दिवाळीच्या आधी पाच पाड्यांची बैठक झाली. त्या बैठकीत आमच्या तरुण गटानं केलेलं हे भाषण. मिठागरावर जाणाऱ्या बऱ्याच घरांनी ते कागदावर मागितलं, म्हणून इथं देत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी आपल्या पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज आम्ही मिठाबद्दल बोलणार आहोत. काही जण म्हणतील, बैठक प्लॉटच्या मोजणीची आहे, इथं मिठाचं काय काम? थोडं थांबा, शेवटपर्यंत ऐका. मिठाची गोष्ट फिरून आपल्या प्लॉटवरच येणार आहे.

आधी आमची ओळख. आम्ही सहा जण आहोत, चार पोरगे, दोन पोरी. कोणी विशीतले, कोणी पंचविशीला टेकलेले. दोघं बारावीपर्यंत शिकलो, बाकीचे सातवी-आठवीतून सुटले. पण मिठागराच्या शाळेत सगळे बसलो आहोत. कोणी दोन हंगाम, कोणी पाच. तिथली पाटी आमच्या पायावर आहे, बघायची असेल त्यांनी नंतर बघा.

आपल्याकडं दरवर्षी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भात झोडून होतं, नागली-वरई घरात येते, आणि पाड्यावर मुकादम येतो. हातात उचल ठेवतो. भात तर माघापर्यंतच पुरणार, सावकाराचं देणं आहे, पोरीचं लग्न आहे. माणूस उचल घेतो. मग गोधड्या, टोप, कोंबड्या, पोरं घेऊन अख्खं घर ट्रकात बसतं. वसई, भाईंदर, पालघर, उरण, कोणी वर गुजरातेत. परत येतो ते आगोटीला, राब भाजायची वेळ उलटून गेल्यावर. सहा-सात महिने पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात.

तर ज्या कामासाठी आपण वर्षाचे सहा महिने देतो ते काम नक्की काय आहे, त्यानं खाडीचं, जंगलाचं, आपल्या अंगाचं काय होतं, हे एकदा नीट समजून घेऊ.

उन्हाचं मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. बाकीचे दुसरे क्षार, काही कडू, काही चुन्यासारखे. म्हणजे एक किलो मीठ हवं तर कमीत कमी ३५ ते ४० लिटर पाणी आटवायला लागतं. एक टन मिठाला ३५ ते ४० हजार लिटर. एवढं पाणी आटवतो कोण? ऊन आणि वारा. त्याचे पैसे कोणी मागत नाही. म्हणून मीठ स्वस्त.

पावसाळा संपला की पहिलं काम बांधाचं. फुटलेले बांध चिखलानं भरायचे. मग वाफे तयार करायचे. वाफ्याची जमीन पायानं तुडवून तुडवून सिमेंटसारखी घट्ट करायची, नाहीतर खारं पाणी खाली मुरतं आणि मिठात माती येते. हे तुडवणं रात्रीबेरात्री, थंडीत, उघड्या पायानं. अमावस्या-पुनवेला उधाण येतं तेव्हा उघाडी उघडून खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथून दुसऱ्या तळ्यात, तिथून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी पाणी थोडं आटतं, थोडं जड होतं.

आगरावर पाण्याचा जडपणा मोजायची काचेची नळी असते. ती पाण्यात सोडली की किती डिग्री ते कळतं. समुद्राचं पाणी ३ डिग्रीच्या आसपास असतं. आटत गेलं की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम बसतं. २५ डिग्रीला पोचलं की मिठाचे दाणे धरायला लागतात. तोवर दहा घागरी पाण्याची एक घागर झालेली असते. ते पाणी तुडवलेल्या वाफ्यात सोडायचं. दाणा धरला की लांब दांड्याच्या फळीनं पुरुषांनी ओढायचं, बायांनी टोपल्यातून डोक्यावर वाहून राशीवर टाकायचं. पौष-माघापासून पाऊस येईपर्यंत हेच. शेवटी राशी गवतानं, पेंढ्यानं शाकारायच्या. ते गवत कुठून येतं? आपल्याच डोंगरावरून. ते कापणारेही आपणच.

३० डिग्रीच्या आसपास पाणी गेलं की त्यात कडू क्षार जास्त होतात. मग ते पाणी मिठाला चालत नाही, मीठ कडू होतं. ते टाकून द्यायचं. कुठं टाकायचं? खाडीत.

खाडीचं काय होतं

आता इथं आमची स्वतःची एक चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातले चार जण एका आगरावर होते. मालकाला आगर वाढवायचं होतं. खाडीच्या कडेला तिवरांचं रान होतं. मुकादम म्हणाला, एवढं साफ करा, रोज थोडा जास्त देतो. आम्ही कोयते घेऊन उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळणी आल्या, आठ-दहा जणी. त्यांनी आम्हाला अशा शिव्या दिल्या की आम्ही मान वर केली नाही. एक म्हातारी म्हणाली, “अरे, या झाडाच्या मुळांत आमची कोळंबी वाढते, खेकडा वाढतो. तुम्ही आमचं घर तोडताय.” आम्ही म्हटलं, “आजी, आम्ही मजूर. पोटासाठी आलोय.” ती म्हणाली, “पोट आम्हाला नाही का?”

रात्री झोपडीत आम्ही गप्पच होतो. मग एक जण म्हणाला, आपल्या जंगलात कूप पडतो, बाहेरचे मजूर साग तोडायला येतात, तेव्हा आपणही त्यांना हेच बोलतो. तेही म्हणतात, आम्ही पोटासाठी आलोय. आपण त्यांचं ऐकून घेतो का?

तिवर म्हणजे खाडीचं जंगल. भरतीच्या पाण्यात उभं राहतं. मासळीची पिल्लं त्याच्या मुळांत वाढतात. वादळ आलं, उधाण आलं तर किनाऱ्याची माती धरून ठेवतं. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की आतलं तिवर कोयता न लावताही मरतं, कारण त्याला रोज पाणी चढायला आणि उतरायला लागतं. आगरातलं कडू पाणी एकदम सोडलं तर त्या जागेची मासळी टिकत नाही. आगर गावाच्या फार जवळ आलं, मधला बांध कच्चा असला, की खारं पाणी जमिनीतून सरकतं आणि भातखाचर खारवटतं, विहिरीचं पाणी मचूळ होतं. एकदा खारवटलेली जमीन गोडी व्हायला कितीतरी पावसाळे लागतात.

पण दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. मिठागर हे काही कारखान्यासारखं नाही. धूर नाही, विष घालत नाहीत. जुन्या आगरांत पाणी उभं राहतं, लांबून पाखरं येतात, पावसाचं आणि भरतीचं पाणी तिथं पसरायला जागा मिळते. म्हणून जुनं आगर बंद करून भराव घालणं हे त्याहून वाईट. मुंबईच्या आसपास तेच चाललं आहे. आगर बंद, वर मुरूम, त्यावर इमारत. तो मुरूम आणि खडी येते कुठून? डोंगर फोडून. म्हणजे खाली खाडी बुजते, वर डोंगर जातो. दोन्हीकडं राबणारा मजूर मात्र एकच.

१९९१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं किनाऱ्यासाठी नियम काढले. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जागेवर बंधनं आली, तिवरांची जागा सगळ्यात जास्त जपायची ठरली. नियम चांगला होता. पण कागदावरचा नियम खाडीपर्यंत चालत जात नाही, त्याला माणसांनी न्यायला लागतं. हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

मीठ काढायच्या दुसऱ्या रीती

मीठ फक्त समुद्राकाठीच होत नाही. आम्ही पुस्तकं वाचून, रणातून आलेल्या मजुरांशी बोलून जी माहिती गोळा केली ती थोडक्यात सांगतो.

पहिली, लाकडावर आटवायची रीत. जिथं हवा दमट, ऊन कमी, तिथं खारं पाणी मोठ्या भांड्यात उकळून मीठ काढायचे. बंगालच्या किनाऱ्यावर हेच चालायचं. मणिपूरकडं खाऱ्या झऱ्यांचं पाणी असंच आटवतात. आता आपल्या चुलीचा हिशोब करा. एक लिटर पाणी पार आटेपर्यंत अर्धा-पाऊण किलो लाकूड सहज जळतं. म्हणजे समुद्राच्या साध्या पाण्यापासून एक किलो मीठ करायला वीस किलोच्या वर लाकूड. म्हणून शहाणी माणसं आधी उन्हात पाणी जड करून घ्यायची, नाहीतर खारी माती धुऊन पाणी जड करायची, आणि मगच आगीवर ठेवायची. तरी जिथं जिथं असं मीठ झालं तिथं आसपासचं रान त्यात गेलं. तेव्हा जंगल आदिवासींनीच खाल्लं म्हणणाऱ्यांना विचारा, शहराच्या ताटातलं मीठ कोणाच्या लाकडावर शिजलं?

बंगालची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथं मीठ आटवणाऱ्यांना मलंगी म्हणायचे. कंपनी सरकारनं मिठाचा सगळा धंदा आपल्या हातात घेतला. मलंगीनं उचल घ्यायची, मीठ फक्त सरकारला द्यायचं, ठरलेल्या भावानं. नंतर इंग्लंडातून जहाजं भरून मीठ यायला लागलं आणि मलंगींचा धंदा बसला. उचल, ठरलेला भाव, एकच घेणारा. ओळखीचं वाटतं ना?

दुसरी, जमिनीखालच्या पाण्याची रीत. गुजरातेत कच्छचं छोटं रण आहे. तिथं विहीर खणली की खालचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं लागतं. आगरिया लोक पावसाळा संपला की रणात राहायला जातात आणि उन्हाळाभर ते पाणी उपसून मोठ्या दाण्याचं मीठ पिकवतात. त्याला वडागरा म्हणतात. आधी हातानं, बैलानं उपसायचे. मग डिझेलचं इंजिन आलं. मिठाच्या पैशातला मोठा वाटा डिझेलात जायचा. डिझेलला पैसे द्यायचा व्यापारी, मग मिठाचा भावही तोच ठरवायचा. पाणी उपसत जातात, विहिरी खोल जातात.

या आगरियांची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या त्या रणात मीठ पिकवतात. १९७३ साली सरकारनं तिथं रानटी गाढवांसाठी अभयारण्य जाहीर केलं. गाढव वाचलं पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. पण रणात आगरियाच्या नावावर सातबारा नाही. जिथं त्याचा आजा राबला तिथं तो कागदावर परका. आपलं आणि त्याचं दुखणं एकच आहे. आपल्याकडं झाड आहे, त्याच्याकडं एक झुडूपही नाही, पण दोघांनाही एकच शब्द लावतात, अतिक्रमण.

तिसरी, तळ्याचं मीठ. राजस्थानात सांभर नावाचं मोठं खारं तळं आहे. नद्या-ओढे त्यात उतरतात, पाणी आटतं, मीठ राहतं. वरचे ओढे अडवले किंवा कडेला बोअर मारून खारं पाणी ओढलं, की तळंच सुकतं. तळं सुकलं की पाखरंही जातात आणि मीठही जातं.

चौथी, डोंगरातलं मीठ. हिमाचलात मंडीच्या बाजूला द्रंग आणि गुमा इथं मिठाचे खडक आहेत. ते दगडासारखे फोडून काढतात. यात पाणी आटवायचं काम नाही, पण डोंगर आतून पोकळ होतो.

पाचवी रीत या खाणीचीच बहीण. जमिनीखाली मिठाचा थर असेल तिथं पाणी पोचवायचं, मीठ विरघळलं की ते पाणी पंपानं वर ओढायचं. इंग्लंडात चेशायर नावाचा भाग आहे, तिथं असंच केलं. खालचं मीठ निघून गेलं आणि वरची जमीन खचली. नॉर्थविच नावाच्या गावातली घरं वाकडी झाली, काही जमिनीत गेली. लोक भरपाई मागायला गेले तर पंपवाले म्हणाले, कोणाच्या पंपानं कोणाचं घर खचलं ते सिद्ध करा. ते कसं सिद्ध होणार? जमिनीखाली कोण बघतो? शेवटी १८९१ साली तिथं कायदा झाला. पंपानं पाणी उपसणाऱ्या सगळ्यांवर पट्टी बसवायची आणि त्यातून ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्यायचं.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं असं आपण म्हटलं की साहेब विचारतात, कोणत्या आगरामुळं? पुरावा दाखवा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हा प्रश्न इंग्लंडात विचारून झाला आणि त्याचं उत्तरही देऊन झालं. जे सगळे मिळून काढतात, त्यांनी सगळ्यांनी मिळून भरावं.

अंगाचं काय होतं

पाय आधी भेगाळतात. मग भेगांत मीठ जातं. रात्री आग होते, झोप येत नाही. पुढं कातडं जाड होतं आणि पाय दगडासारखा होतो. रणातली माणसं सांगतात की आगरिया मेला तर चितेवर त्याचे पाय लवकर जळत नाहीत.

पांढऱ्या मिठावरून ऊन डोळ्यांवर येतं, डोळे लाल होतात, पुढं नजर अधू होते. बायांच्या डोक्यावर टोपलीचं पाणी गळतं, केस जातात, मानेवर जखमा होतात. चहूकडं पाणी आणि प्यायला पाणी नाही. टँकर आला तर आला. पोरं बांधावर बसून असतात, शाळा नाही. आमच्यातल्या एका पोरीची शाळा अशीच चौथीत सुटली. घरचे आगरावर गेले, परत आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती.

मजुरीचं बोलायचं तर अंगावरचं काम. किती टोपल्या, किती राशी, हे मुकादमाच्या वहीत. हातात उचल पाचशे दिली, वहीत सातशे लिहिली, असं आमच्यातल्या एकाच्या बापाबरोबर झालं. वही कोणी दाखवली नाही आणि आम्ही मागितली नाही. हा आमचा दोष.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९७६ चा वेठबिगारीचा कायदा आहे. उचल फिटेपर्यंत काम सोडून जाता येणार नाही असं कोणी म्हणालं, अडवून ठेवलं, तर ती वेठबिगारी आहे आणि तो गुन्हा आहे. १९७९ चाही एक कायदा होता. मुकादम पाच किंवा त्याहून जास्त मजुरांना दुसऱ्या राज्यात नेत असेल तर त्याला परवाना लागायचा, मजुराला जायचं-यायचं भाडं द्यायला लागायचं. 

मीठ आणि जंगल, एकच लढाई

१९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीला चालत गेले. १२ मार्चला निघाले, ६ एप्रिलला मीठ उचललं. का? कारण समुद्र सगळ्यांचा, ऊन सगळ्यांचं, पण मीठ उचललं की गुन्हा. गरिबातला गरीब माणूससुद्धा कर भरल्याशिवाय पेजेत मीठ टाकू शकत नव्हता. आपल्या महाराष्ट्रात वडाळ्याला, शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला.

पण जिथं समुद्र नाही तिथल्या लोकांनी काय करायचं? त्यांनी जंगलाचा कायदा मोडला. मनाई असलेल्या रानात गवत कापलं, लाकूड तोडलं. यवतमाळकडं पुसदला झालं, इकडं रायगडात चिरनेरला झालं. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला. त्यात नाग्या कातकरी गेला. आपलाच माणूस. चिरनेर उरणमध्ये आहे, आपण मिठागरावर जातो त्याच उरणमध्ये. खाली मिठागर, वर जंगल, आणि मध्ये नाग्याचं रक्त. शाळेत दांडी शिकवतात, नाग्या किती शाळांत शिकवतात?

१९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्याच्या गावांना घरापुरतं मीठ गोळा करायची सूट मिळाली. १९४७ ला मिठावरचा कर गेला. चांगलं झालं. पण जमीन? मिठागरांची बरीच जमीन सरकारच्या मीठ खात्याची, बाकीची खाजगी आगरवाल्यांची. राबणाऱ्याच्या नावावर काही नाही. आपल्यालाही जंगलात तेच मिळायचं. घरापुरतं सरपण घ्या, मोह वेचा, पण जमीन तुमची नाही. सूट म्हणजे हक्क नाही. सूट देणारा ती परत काढून घेऊ शकतो.

बस्तरकडं व्यापारी आदिवासींकडून चारोळी घ्यायचे आणि बदल्यात तेवढंच माप मीठ द्यायचे. चारोळीचा भाव काय, मिठाचा काय! मीठ ही अशी वस्तू आहे की तिच्याशिवाय चालत नाही, म्हणून तिच्या नावानं आपल्याला नेहमी गुंतवलं गेलं. एके काळी मिठासाठी जंगलातला माल गेला. आता मिठासाठी जंगलातला प्लॉट जायची वेळ आली आहे.

आता प्लॉटची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आपल्या दोन पाड्यांवर पंचनाम्याला माणसं आली. आमच्यातल्या तिघांची घरं बंद होती. सगळे मिठागरावर. पंचनाम्यात लिहिलं गेलं, ‘जागेवर कोणी आढळले नाही, शेती चालू दिसत नाही.’ अहो, फाल्गुनात नागलीच्या वरकस जमिनीत कोणाची शेती चालू दिसते?

एका घरात काकी एकटीच होती. तिला कागदावर अंगठा द्यायला सांगितलं. तिला वाटलं खावटीचा कागद आहे. तिनं दिला. त्या कागदावर लिहिलं होतं की या जागेवर आमचा ताबा नाही. हे आम्हाला कळलं ते पावसाळ्यात, नांगर घेऊन गेलो तेव्हा. काकी अजून बैठकीला यायला लाजते. काकी, आज तुम्ही आला आहात, मागं बसला आहात, आम्ही बघितलं. चूक तुमची नाही. आम्ही सगळे तिकडं मीठ ओढत होतो आणि तुम्हाला एकटं ठेवून गेलो, ती आमची चूक.

सरकारचा १९७८ सालचा ठराव होता की ३१ मार्च १९७८ पर्यंत जे कसत होते त्यांची जमीन नियमित करायची. पुढं १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि केंद्राची परवानगी लागायला लागली. तेव्हापासून आपले कागद वर-खाली फिरताहेत. अशा वेळी ताबा दाखवणं हेच आपल्या हातात आहे. आणि ताबा दाखवायला माणूस पाड्यावर पाहिजे.

म्हणजे बघा. उपाशी राहिलो तर मिठागरावर जायला लागतं. मिठागरावर गेलो तर प्लॉट जातो. प्लॉट गेला तर कायमचं मिठागरावर जायला लागतं. मुकादमाला आणखी काय पाहिजे?

आम्ही असं म्हणत नाही की मिठागरावर जाऊ नका. तुमच्या चुली आम्ही पेटवू शकत नाही, आमच्याही घरातली माणसं या वर्षी जाणार आहेत. पण जाताना कसं जायचं हे ठरवून जाऊ. आमच्या गटाचं म्हणणं असं आहे. बदल करायचा असेल तर आत्ता बोला.

एक. कोणतंही घर पूर्ण बंद करून जायचं नाही. प्रत्येक प्लॉटवाल्या घरातलं एक तरुण माणूस मागं राहील. ज्यांच्याकडं ते जमत नाही त्यांचा प्लॉट शेजारचं घर बघेल, आणि तसं वहीत लिहून ठेवायचं. मागं राहणाऱ्याच्या पोटाचं काय, तर जाणाऱ्या प्रत्येक घरानं दोन पायली भात संघटनेच्या कणगीत टाकायचं.

दोन. जायच्या आधी प्रत्येक प्लॉटची नोंद करायची. कुठं बांध आहे, कुठलं आंब्याचं, मोहाचं झाड आहे, शेजारी कोण. दंडाच्या जुन्या पावत्या शोधून काढा. पुष्कळ जणांनी त्या रागानं फाडल्या. फाडू नका. ज्या वर्षी दंड भरला त्या वर्षी तुम्ही जमीन कसत होतात हे त्यांच्याच शिक्क्यानं लिहून दिलेलं आहे.

तीन. न वाचता अंगठा द्यायचा नाही. कागद घेऊन कोणी आलं तर सांगायचं, पोरं येऊ द्या, पाड्यासमोर वाचू द्या. रागावले तर रागावू द्या.

चार. उचल एकट्यानं घ्यायची नाही. पाड्यासमोर घ्यायची, दोन वह्यांत लिहायची, एक मुकादमाची, एक आपली. आपल्या वहीत त्याची सही घ्यायची. रोज किती टोपल्या गेल्या ते आगरावर आपलं पोरगं लिहील. लिहिता येणारी पोरं आता प्रत्येक टोळीत आहेत.

पाच. आगरावर मागणी एकत्र करायची. सरकारनं ठरवलेली किमान मजुरी, प्यायचं पाणी, गमबूट, उन्हाचा चष्मा, लहान पोरांना सावली.

सहा. तिवर तोडायचं काम घ्यायचं नाही. जास्त रोज दिला तरी नाही. यावर आमच्यातही भांडण झालं. एक जण म्हणाला, आपण नाही तोडलं तर दुसरे तोडतील. बरोबर आहे, तोडतील. पण ज्या दिवशी आपल्या रानात कूप पडेल त्या दिवशी त्या कोळणींना हाक मारायची तोंड आपल्याला राहिली पाहिजे. आणि त्यांची खाडी बुजवायला निघतील त्या दिवशी त्यांनी आपल्याला हाक मारली पाहिजे.

पुढच्या रविवारी पुन्हा बसू. येताना प्रत्येकानं आपापल्या घरातली पत्र्याची पेटी उघडून जे कागद असतील ते सगळे आणा, भिजलेले, उंदरांनी खाल्लेले, कसेही. वाचायचं काम आमचं. काकींचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. अंगठा फसवून घेतला असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर वाचू, आणि काकींना पटला तरच त्यावर त्यांचा अंगठा घेऊ.

जिंदाबाद!